प्रश्नावली घेऊन राजूरला जाण्याआधी

अकोले तालुक्यातल्या राजूरला अभ्यासकांची ये-जा जुनी आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथे आहे आणि भंडारदरा, कळसूबाई, हरिश्चंद्रगडाच्या कुशीतल्या महादेव कोळी व ठाकर वस्त्या इथून जवळ. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांचं महादेव कोळी समाजावरचं पुस्तक १९५७ सालचं. आज समाजकार्यापासून वनस्पतिशास्त्रापर्यंतचे विद्यार्थी अशा भागात माहिती गोळा करायला जातात. त्यांच्या हातातली प्रश्नावली मार्गदर्शकाने बारकाईने तपासलेली असते. पण प्रबंध पोकळ करणाऱ्या बहुतेक चुका पहिला प्रश्न विचारायच्या आधीच झालेल्या असतात.

पहिली चूक वेळेची. सर्वेक्षणाच्या तारखा महाविद्यालयाच्या सुट्ट्या पाहून ठरतात, शेताकडे पाहून नाही. जुलैत आवणी चालू असते. चिखलात वाकलेल्या बाईला बांधावरून हाक मारून अर्धा तास मागणं म्हणजे तिची मजुरी मागणं. भात निघाला की अनेक घरांतली कर्ती माणसं नारायणगाव, ओतूरकडे मजुरीला जातात. मग अभ्यासकाला बंद दारं दिसतात, आणि तो शेजारचं उघडं घर घेतो. इथेच आकडा वाकडा होतो. ज्यांना बाहेर जावं लागत नाही, म्हणजे ज्यांचं घरच्या शेतीवर भागतं, तीच घरं नमुन्यात येतात. सर्वांत हलाखीची कुटुंबं यादीतून गळतात आणि गावाचं सरासरी उत्पन्न कागदावर वाढतं. बंद दाराची नोंद ठेवून पुन्हा तिथे जाणं कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट, सोबत कोण आहे. ग्रामसेवक किंवा शिक्षक वाट दाखवायला आले तर वेळ वाचतो, पण समोरचा माणूस उत्तर त्यांना देतो. वनहक्काचा दावा अडकलेला शेतकरी ‘किती जमीन कसता?’ या साध्या प्रश्नावर सावध होणारच. घरकुलाची वाट पाहणारं कुटुंब घराबद्दल वेगळं बोलेल. हा खोटेपणा नाही. आजवर वही घेऊन आलेल्या प्रत्येकाच्या मागे काही तरी योजना किंवा कारवाई आली, हा अनुभव त्यामागे असतो. म्हणून आपण कोण, कशासाठी आलो आणि या माहितीतून तुम्हाला काहीही मिळणार नाही, हे आधी स्पष्ट सांगावं लागतं. नीट परवानगी घेणं ही सभ्यता तर आहेच. त्याशिवाय मिळालेली माहिती खरीही नसते. नीतिमत्ता आणि अचूकता हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात, ते मला पटत नाही.

प्रश्नांच्या शब्दांतही फसगत असते. धान्य पायलीने मोजणाऱ्या घरात किलोचा रकाना भरायचा तर अंदाजच लिहिला जातो. त्यातही साळीची पायली आणि तांदळाची पायली वजनाला सारखी नाही. त्याहून गंभीर प्रश्न मुलांचा. ‘तुम्हाला मुलं किती?’ असं विचारलं की आई हयात मुलं मोजते. बारशाआधीच गेलेलं बाळ त्या उत्तरात येत नाही. ते मोजायचं तर एकेका बाळंतपणाबद्दल क्रमाने, धीराने विचारावं लागतं, आणि तेही बहुधा बाईनेच बाईला. डॉ. अभय बंग आणि सहकारी संस्थांनी २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मांडला, तेव्हा सरकारी नोंदींतून सुटलेले बालमृत्यू महाराष्ट्रासमोर आले.

आश्रमशाळांबाबत मी जास्तच आग्रही आहे. शंभर मुलं एका छताखाली, मुख्याध्यापकांची एक सही आणि दुपारपर्यंत काम फत्ते, हा मोह मोठा असतो. त्या सहीचं काय होऊ शकतं हे २००९-१० मध्ये खम्ममला दिसलं. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीच्या अभ्यासात वसतिगृहातल्या मुलींच्या संमतिपत्रांवर वॉर्डन आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. अभ्यास थांबवावा लागला, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वैद्यकीय आणि आरोग्य संशोधनासाठी आई-वडिलांची संमती मागतातच, शिवाय ७ वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही मागतात. वजन-उंची मोजणारा किंवा मुलांना घरची परिस्थिती विचारणारा अभ्यासही याच कसोटीवर तपासायला हवा. गावच्या प्रमुखाने हो म्हटलं म्हणून प्रत्येक माणसाने हो म्हटलं असं होत नाही.

जंगलाची माहिती ही आणखी नाजूक बाब. सह्याद्रीत सापडणाऱ्या नरक्यात कॅम्प्टोथेसिन असतं. त्यापासून कर्करोगावरची औषधं बनतात, म्हणून या झाडाची बेसुमार तोड झाली. अशा झाडाचं उपग्रहावरून मोजलेलं ठिकाण प्रबंधात छापणं म्हणजे तोडणाऱ्याला पत्ता देणं. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या अपेक्षिल्या. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने त्या पूर्ण करायला ३१ जानेवारी २०२०ची मुदत आणि दंडाची तंबी दिली, तेव्हा देशभर काही महिन्यांत नोंदवह्यांचा ढीग लागला. ज्या नोंदी जाणत्या माणसांसोबत रानात फिरून ऋतूमागून ऋतू व्हायला हव्यात, त्या मुदतीच्या धाकाने नीट होत नाहीत.

उलट उदाहरणही आहे. १९८७ मध्ये केरळच्या अगस्त्य पर्वतात शास्त्रज्ञांच्या काणी आदिवासी वाटाड्यांनी एका झाडाची फळं खाऊन थकवा घालवला. त्यातून औषध तयार झालं आणि संशोधन संस्थेने परवाना शुल्क व स्वामित्वधनातला निम्मा वाटा काणी समाजाला देण्याचं ठरवलं. त्यातही वाद झाले, पण ज्ञान कुणाचं हे निदान कबूल केलं गेलं.

नाव लपवणं हा संशोधनाचा नेहमीचा नियम. पन्नास घरांच्या वाडीत ‘महिला, माजी सरपंच, वय ५२’ एवढं छापलं तरी ओळख उघडी पडते, हे लक्षात ठेवायलाच हवं. पण याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचं बियाणं जपलं. त्यांचं काम त्यांच्या नावाने ओळखलं जातं म्हणूनच २०२०च्या पद्मश्री मानकऱ्यांत त्या आल्या. बियाणं राखणाऱ्या किंवा वनौषधी सांगणाऱ्या बाईला ‘उत्तरदाती क्रमांक १७’ करून टाकणं तिचं ज्ञान काढून घेण्यासारखं आहे. तेव्हा संमतिपत्रावर एक प्रश्न वाढवावा: तुमचं नाव छापावं की नको? आणि प्रबंध विद्यापीठात जाण्याआधी त्यातला आपल्याबद्दलचा भाग तिला मराठीत वाचून दाखवावा, म्हणजे उत्तर बदलायचं असेल तर वेळ हातात राहील.