गादीवर औषध मारू नका

ढेकूण झाले म्हणून गादीवर कीटकनाशक फवारून त्याच रात्री लेकरांना तिच्यावर झोपवलेलं मी वस्तीत पाहिलं आहे. ते विष श्वासातून, कातडीतून अंगात जातं. ढेकूण गादीच्या शिवणीत आणि पलंगाच्या फटीत लपतात. शिवण जुन्या ब्रशने घासा, फटींत उकळतं पाणी ओता. नुसतं ऊन पुरत नाही, ते सावलीच्या बाजूला सरकतात. खोळ, चादरी कडक गरम पाण्यात धुवा. अंडी मागाहून फुटतात, म्हणून आठ-दहा दिवसांनी हे सगळं पुन्हा करा.

बाळाने गादी ओली केली तर फडक्याने टिपा, वरून पाणी ओतू नका. आतला कापूस ओला राहिला की बुरशी धरते, दम्याच्या मुलाला त्रास होतो.

आणि लाजू नका, ढेकूण स्वच्छ घरातही होतात. शेजारणीला सांगा, नाहीतर भिंतीच्या फटीतून परत येतील.