मुळाला ओळख पटते ती शर्करेची

तमिळनाडूतील कुंभकोणमजवळचे इन्नंबूर ज्या कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसले आहे, तेथे भाताची कापणी आठ-दहा दिवसांवर आली असता उभ्या पिकातच उडीद किंवा मूग फोकून पेरण्याची पद्धत आहे. नांगरट नाही, पेरणीबरोबर खत नाही. जमिनीत उरलेल्या ओलीवर पीक निघते. अशा पिकाची नत्राची भिस्त मुख्यतः मुळांवरील गाठींवर असते. गाठ धरेल की नाही, हे मात्र एका प्रथिनाला एका शर्करेची ओळख पटण्यावर अवलंबून असते.

शर्करांचे रेणू एकमेकांशी फार मिळतेजुळते असतात. ग्लुकोज व गॅलॅक्टोज यांत अणू तेच आणि तितकेच; फक्त चौथ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाची दिशा निराळी. तरीही भुईमुगाच्या दाण्यातील लेक्टिन हे प्रथिन गॅलॅक्टोजच निवडते. प्रथिनाच्या पृष्ठभागावर एक उथळ खोबण असते. तीत शर्करेचे हायड्रॉक्सिल गट हायड्रोजन बंधांनी अडकतात आणि तिची जलविरोधी बाजू एखाद्या अमिनो आम्लाच्या सपाट वलयावर टेकते. गटाची दिशा बदलली की बंध जुळत नाहीत. एका खोबणीची पकड तशी दुबळीच. पण भुईमुगाच्या लेक्टिनला अशा चार खोबणी असतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन यांच्या गटाने १९९४ मध्ये या प्रथिनाची रचना उलगडली.

मुळांवरील लेक्टिन योग्य जिवाणू निवडत असावे, ही कल्पना १९७४ मध्ये सोयाबीनवरील कामातून पुढे आली. १९८९ मध्ये वाटाण्याच्या लेक्टिनचे जनुक क्लोव्हरच्या मुळांत घातल्यावर वाटाण्याचा रायझोबियम तेथे गाठी करू शकला. परंतु खरी किल्ली १९९० मध्ये सापडली. कडधान्याच्या मुळातून स्रवणाऱ्या फ्लॅव्होनॉइड द्रव्यांना उत्तर म्हणून जिवाणू ‘नॉड घटक’ सोडतो: एन-असिटिल ग्लुकोसामाइनच्या चार-पाच कड्यांची साखळी आणि टोकाला मेदाम्लाची शेपटी.

येथे एक पेच आहे. बुरशीच्या पेशीभित्तिकेतील कायटिनही याच शर्करेचे बनलेले असते. म्हणजे मित्र आणि शत्रू दोघेही जवळजवळ एकच खूण घेऊन मुळाशी येतात. वनस्पतीकडे दोन्हींसाठी एकाच कुळातील ग्राही प्रथिने आहेत. एकाने संरक्षण जागे होते, दुसऱ्याने दार उघडते. या ग्राहींतील मोजके लहान भाग बदलले की कायटिन ओळखणारे प्रथिन नॉड घटक ओळखू लागते, असे २०२० मध्ये दाखवले गेले.

शेपटी आणि साखळीवरील बारीकसारीक जोडण्या जिवाणूगणिक बदलतात. म्हणूनच हरभऱ्याचे संवर्धक सोयाबीनला लावल्यास गाठी धरत नाहीत. उडीद, मूग, तूर व भुईमूग मात्र चवळी गटातील जिवाणू स्वीकारतात. त्यांचे ग्राही इतके काटेकोर नसतात. पाकिटावरील पिकाचे नाव आणि अंतिम तारीख पाहूनच ते घ्यावे. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी, संवर्धक शेवटी. मग बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. जमिनीत नत्र भरपूर असल्यास झाड गाठींकडे पाठ फिरवते, म्हणून युरियाचा हात आखडता ठेवावा.

पेरणीनंतर महिनाभराने एखादे रोप हलकेच उपटून गाठ कापून पाहावी. आतून गुलाबी असेल तर नत्र स्थिरीकरण सुरू आहे. पांढरी वा हिरवट असेल तर नाही.