शनिवारची रात्र, अमेरिकेतला सामना

हल्ली आपल्या घरची मुलेही शिकावयास अमेरिकेस जातात. एखाद्या शनिवारी रात्री फोन येतो, "आबा, आमच्या कॉलेजचा सामना आहे, बघा!" तो घरबसल्या बघावा कसा?

हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, आणि बहुधा हातातच. खेळ 60 मिनिटांचा. पण थांबत थांबत तीन-साडेतीन तास चालतो. 1862 च्या कायद्याने सरकारी जमिनींच्या विक्रीतून साहाय्य मिळालेली आयोवा स्टेट, पर्ड्यू ही शेतकी शिक्षणात नावाजलेली विद्यापीठेही त्यात हिरिरीने उतरतात.

तेथील पूर्व किनाऱ्यावर दुपारी 12 चा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला लागतो. नोव्हेंबरच्या आरंभी तेथील घड्याळे तासभर मागे जातात, मग साडेदहा. रात्रीचा सामना मात्र आपल्याकडे रविवारी पहाटे, धारांच्या वेळी.

प्रक्षेपणाचे हक्क देशवार विकले जातात. म्हणून मुलाकडे चालणारे ॲप आपल्याकडे अडते. दोष आपल्या मोबाइलचा नव्हे. भारतातील हक्क कोणाकडे आहेत ते मुलाकडून शोधून घ्या, व तेथेच वर्गणी भरा.

"फुकट थेट सामना" म्हणून आलेल्या लिंकला मात्र हात लावू नका. कार्डाचा क्रमांक, ओटीपी मागतील, आणि सोयाबीनचे पैसे ज्या खात्यात, तेच मोबाइलला जोडलेले असते! फसगत झाल्यास ताबडतोब 1930 वर कळवा.

सामना नाहीच दिसला, तर फोन करून विचारा, "कोण जिंकले रे?" पोराला तेवढेच हवे असते.