काट्याआधी टेप

मी शिवणकाम करते. नळदुर्गातल्या बायकांची मापं वहीत लिहून ठेवते, त्यामुळे कुणाचा घेर वाढला ते मला लगेच कळतं. "वजन फार नाही हो, नुसतं पोटच सुटलंय," म्हणत ब्लाउज उसवायला आणतात. आपल्या लोकांत खरा धोका त्या पोटातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांची तुलना २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये फोटोसकट छापून आली. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच, पण यडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. म्हणून आधी टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. बाईचं माप ८० सेंटिमीटरच्या, पुरुषाचं ९०च्या वर गेलं, की लक्ष घालायलाच हवं.

नवरात्रात उपासावर वजन उतरवायची हौस इथं फार. पहिल्या चार दिवसांत उतरतं ते बरंचसं पाणी, दसऱ्यानंतर ते परत येतं. माझ्या जाऊबाईंनी उपासातही मधुमेहाची गोळी नेहमीसारखी घेतली आणि पोटात मात्र काही नाही. देवघरासमोर घामाघूम होऊन बसल्या, हात थरथरत होते. गूळपाणी पाजलं तेव्हा सावरल्या. उपासाखेरीज, लातूरहून डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दिवसातून 'दोनदाच जेवा' हे सांगणंही आमच्याकडे घरोघरी पोचलं. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. ज्याला ते वर्षानुवर्षं निभावतं त्यानं खुशाल करावं. गरोदर बाईनं आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

"आम्ही तर ज्वारीचीच भाकरी खातो, मग वजन का वाढतं?" हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. ज्वारी चांगलीच, तिच्यात चोथा भरपूर, पोट लवकर भरतं. पण उष्मांक गव्हाइतकेच. खरी गोम शेंगदाण्याच्या कुटात आहे. वांग्याच्या भाजीत कूट, आमटीत कूट, शिवाय ताटात चटणी आणि तिच्यावर तेलाची धार. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पाचशेच्या वर उष्मांक, आणि आपण मुठीनं टाकतो. आता मी कूट चमच्यानं मोजते, तेलाचं भांडं शेगडीजवळ ठेवत नाही. तीनऐवजी दोन भाकऱ्या, त्यांच्यासोबत वाटीभर मटकीची उसळ किंवा घट्ट वरण, आणि काकडी-कांदा. डाळ-उसळ कमी पडली, तर चरबीबरोबर अंगातलं मांसही झडतं.

आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक, एवढाच वेग धरा. 'महिन्यात दहा किलो'वाल्या पावडरींच्या नादी लागू नका. झपाट्यानं वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. ७० किलोच्या बाईचे साडेतीन किलो गेले, तरी साखर आणि रक्तदाबात फरक दिसू लागतो. पुढे काही महिन्यांनी काटा अडतो, कारण हलक्या झालेल्या अंगाला कमी अन्न पुरतं. त्या वेळी ताट आणखी कापण्यापेक्षा हालचाल वाढवावी. आमच्या नळदुर्गच्या किल्ल्यात चालायला जागा आहे, उपली बुरुजाच्या पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पायऱ्यांच्या वाटेला जाऊ नये. सपाटीवर चालावं, आणि घरी भक्कम खुर्चीवरून हात न टेकता उठावं-बसावं, जमेल तितक्या वेळा.