दहा काउंटर, चालू चार

ग्राहकांसाठी शटर नऊ वाजता वर जातं. मागच्या दाराशी मालाचा टेम्पो साडेसहालाच लागलेला असतो. पुण्याच्या पश्चिमेकडच्या उपनगरातल्या एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये मॅनेजरच्या परवानगीने मी काही दिवस सकाळपासून दुकान मिटेपर्यंत थांबले. अट एकच होती, दुकानाचं नाव छापायचं नाही. अट नसती तरी मी छापलं नसतं. जे पाहिलं ते त्या एका छपराखाली तेवढं घडतं, असं मानायला माझं मन तयार नाही.

सकाळचे पहिले दोन तास पाठीचे. तांदळाच्या गोण्या, तेलाचे खोके, कोल्ड्रिंकचे पॅक मुलं उतरवतात आणि मुली रॅक भरतात. जुन्या तारखेचा माल पुढे, नवा मागे, आणि प्रत्येक पाकिटाचं तोंड ग्राहकाकडे. याला ते ‘फेसिंग’ म्हणतात. नऊला दुकान उघडलं की पहिल्या अर्ध्या तासात दह्याच्या फ्रीजचं फेसिंग मोडतं. ग्राहक पुढचे डबे बाजूला सारून मागचा ताज्या तारखेचा काढतो. तो त्याचा हक्कच आहे, त्यात वावगं काही नाही. पण दिवसभरात ती रांग पुन्हा पुन्हा लावणारी मुलगी त्याच वेळी शेजारच्या लोणी-चीजच्या फ्रीजलाही जबाबदार असते. शिवाय आइस्क्रीमचा डबा साबणाच्या रॅकवर ठेवून निघून जाणारे असतात, तो वितळायच्या आत शोधायचा असतो. मुदत संपलेलं एखादं पाकीट रॅकवर सापडलं, तर बोलणी तिलाच.

साधारण सारख्याच टी-शर्टात वावरणारी ही सगळी माणसं एकाच मालकाची नसतात, हे ग्राहकाला सहसा ठाऊक नसतं. काही दुकानाच्या पगारावर, लोडिंग, सफाई आणि सिक्युरिटीची माणसं एजन्सीची, आणि शाम्पू किंवा चहाच्या रॅकपाशी उभी असते ती त्या त्या कंपनीची ‘प्रमोटर’. प्रमोटरने आपल्या कंपनीचा माल खपवायचा. पण “ताई, तूरडाळ कुठंय?” असं दिवसभर तिलाच विचारलं जातं आणि गर्दी वाढली की दुकानाचा सुपरवायझर तिला पिशव्या भरायलाही उभी करतो. पगार एकाकडून, हुकूम दुसऱ्याचा. सुट्टी मागायची कुणाकडे, यावर तिथल्या एका प्रमोटरचं उत्तर होतं, “दोघांकडे. आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.”

आता बिलिंग. तिथे दहा काउंटर आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी सातला मी मोजले, चालू होते चार. पगार नुकते झालेले, महिन्याचा किराणा भरायला घरंच्या घरं आलेली, ट्रॉल्यांची रांग बिस्किटांच्या रॅकपर्यंत. काउंटरमागची मुलगी काय काय करते ते जवळून बघण्यासारखं आहे. मोबाइल नंबर विचारायचा, बारकोड मारायचा, वांग्यांवर वजनाचं स्टिकर नसेल तर मुलाला परत भाजीकडे पिटाळायचं, ‘एकावर एक’ ऑफर बिलात उतरली का ते पाहायचं, पिशवी हवी का विचारायचं, यूपीआयचं पेमेंट अडकलं तर रांगेच्या नजरा झेलत थांबायचं. मिनिटाला किती वस्तू मारल्या याचा हिशोब यंत्र ठेवतं आणि तो आकडा आठवड्याच्या मीटिंगमध्ये वाचला जातो.

रांगेतून आवाज आला, “अहो मॅडम, हात जरा पटपट चालवा की! दुसरे काउंटर का बंद ठेवलेत?”

ती म्हणाली, “सॉरी सर, दोन मिनिटं.”

खरं उत्तर तिला माहीत होतं, पण ग्राहकाला ते द्यायचं नाही अशी सक्त सूचना. दोघींची साप्ताहिक सुट्टी, एक जेवायला गेलेली, एक आजारी. उरलेल्या दोन जागांवरच्या मुली महिन्याभरापूर्वी नोकरी सोडून गेल्या आणि त्या जागा भरल्याच नव्हत्या. किती माणसं ठेवायची ते या दुकानात ठरत नाही. विक्रीच्या प्रमाणात पगाराचा खर्च किती, हे वरून बांधून येतं आणि ड्यूटीचा तक्ता त्यात बसवायचा. शेल्फवरचा माल दोन रुपयांनी स्वस्त दिसतो त्यामागे घाऊक खरेदी असते, हे सगळे सांगतात. रिकामे काउंटरही असतात, हे कुणी सांगत नाही. रांगेचा राग मात्र अचूक त्या एकाच मुलीवर निघतो जिच्या हातात यातलं काहीच नाही.

ती लातूरकडची. बारावी झालेली, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं भरून राहणारी. पीएफ आणि ईएसआय कापून हातात तेरा हजारांच्या आसपास येतात. त्यातून कॉट, डबा, बसपास आणि गावी पाठवायचे पैसे. संध्याकाळी गल्ला मोजताना रक्कम कमी भरली तर तिच्या पगारातून वळती होते, जास्त भरली तर दुकानात जमा. पन्नास-शंभराची तूट गर्दीच्या दिवशी नवलाची नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं, तिनेही कधी वाद घातला नव्हता. वास्तविक, नुकसानीपोटी पगार कापण्याआधी कामगाराला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते, हे जुन्या वेतन कायद्यात होतं आणि नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे.

एजन्सीच्या एका पोराला ईएसआय म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. पगार 21 हजारांच्या आत असेल तर कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के भरले जातात, त्यावर त्याला आणि त्याच्या घरच्यांना दवाखाना मिळतो. गोणी पायावर पडली तेव्हा तो खासगी डॉक्टरकडे उधारीवर गेला होता. कापलेले पैसे पगाराच्या स्लिपवर दिसत होते, कार्ड मात्र हातात आलं नव्हतं.

कागदावर पाहिलं तर राज्याचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा तसा बरा आहे. आठवड्याला 48 तास, मध्ये अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट दर, आठवड्याची सुट्टी, आणि रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय आणि सुरक्षेची सोय केल्याशिवाय कामाला ठेवता येत नाही. दिवसाला 9 तास ही मर्यादा होती, ती 10 करायला राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये मंजुरी दिली. पण मी पाहिलं त्या दुकानात शटर साडेनऊला खाली येतं आणि मग गल्ला, साफसफाई, उद्याच्या ऑफरची लेबलं, शेवटी दाराशी बॅगेची तपासणी. शेवटची बस तिथल्या कितीतरी जणींची रोज हुकते. तपासणीच्या रांगेत गेलेला वेळ हजेरीत धरला जात नाही, कारण अंगठा त्याआधीच लावलेला असतो.

या सगळ्यात मला सर्वांत खटकली ती गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. खुर्ची. दहापैकी एकाही काउंटरमागे बसायला काही नव्हतं. जर्मनीतल्या आल्डी किंवा लिडलमध्ये कॅशियर बसून बिल करतात आणि त्यांचा वेग दंतकथेसारखा सांगितला जातो, तेव्हा बसलं की काम मंदावतं हे कारण टिकत नाही. आपल्याकडे उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय द्यायची तरतूद 1948 च्या कारखाना कायद्यात होती. दुकानातल्या बाईला ती मिळवायला रस्त्यावर यावं लागलं, तेही केरळात. कोळिकोडच्या मिठाई तेरुवु या बाजारपेठेतल्या शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी कापडदुकानांतल्या बायकांना संघटित केलं. सुरुवात स्वच्छतागृहाच्या मागणीपासून झाली, मग बसण्याचा हक्क. 2018 मध्ये केरळने कायदा बदलला, 2021 मध्ये तमिळनाडूने. केंद्राच्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय नमूद आहे. पुण्यातल्या त्या काउंटरमागे मात्र मुली गर्दी ओसरली की रिकाम्या खोक्यावर टेकतात आणि सीसीटीव्हीत दिसलं की उठतात.

आपण ग्राहक म्हणून दुबळे आहोत असं मात्र कुणी म्हणू नये. 3 रुपयांच्या कागदी पिशवीसाठी चंदीगडचा एक जण ग्राहक मंचाकडे गेला आणि 2019 मध्ये मंचाने बाटा कंपनीला एकूण 9 हजार रुपये भरायला लावले. त्यानंतर देशभर पिशवीच्या पैशांवरून वाद घालायला लोक शिकले, रास्तच आहे. पण काउंटरमागच्या माणसासाठी कुणी असं भांडत नाही, कारण ती ओळखच उरलेली नाही. मुंबईच्या नायगावात 1948 साली कामगारांनीच सहकारी तत्त्वावर ‘अपना बाजार’ उभं केलं होतं. तिथे गिऱ्हाईक आणि नोकर एकाच वस्तीतले असत. आता सोसायटीतला ग्राहक आणि कॉट बेसिसवरची मुलगी यांची गाठ फक्त बिलिंगच्या काउंटरवर पडते, तीही घाईत.

ग्राहकाच्या तक्रारीला वजन असतं, ते मी तिथेच पाहिलं. कुणीतरी ऑनलाइन रिव्ह्यूमध्ये एका मुलीचं नेमप्लेटवरचं नाव लिहून ‘उद्धट आहे’ एवढंच म्हटलं. रात्री तो स्क्रीनशॉट स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि दुसऱ्या दिवशी तिला बिलिंगवरून काढून गोदामात पाठवलं. तक्रार वाचली जाते, वरपर्यंत जाते, त्यावर चोवीस तासांत हालचालही होते. फक्त आजवर ती चुकीच्या माणसाविरुद्ध लिहिली गेली आहे. पगार वाढवले तर माल महागेल, मग तुम्हीच ओरडाल, असं मॅनेजर मला म्हणाला. असेलही. पण स्टुलाने तूरडाळ महाग होत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी रांगेत अर्धा तास गेला तर जरूर लिहा, गप्प बसू नका. मुलीचं नाव लिहू नका. वार लिहा, वेळ लिहा, किती काउंटर होते आणि किती चालू होते ते लिहा, आणि त्याखाली विचारा की बिल करणाऱ्यांना बसायला का दिलेलं नाही.