वेगळें निघावें कीं एकत्र राहावें ?

एकत्र कुटुंबांतील भाऊ वेगळे निघूं लागले म्हणजे घरांतील भांडीं, गुरें व शेत यांची वांटणी करतां येते. परंतु परसांतील विहीर कांहीं कापून वांटतां येत नाहीं. तिच्या पाळ्याच ठरवाव्या लागतात. जी गोष्ट कुटुंबाची तीच गांवांची व शहरांची. आमचा मावळ तालुका व लोणावळा शहर हीं ज्या विस्तीर्ण प्रदेशांत समाविष्ट झालीं आहेत, त्याचा कारभार कसा चालतो, त्यांतून एखाद्या गांवास वेगळें निघतां येतें काय, आणि निघाल्यानें काय साधतें, याविषयीं विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस चार शब्द सांगावे असें आम्हांस वाटतें.

प्रथम आपला कारभार कोण पाहतो तें समजून घेऊं. भोर घाटांतून आगगाडी १८६३ सालीं सुरू झाली, आणि त्यानंतर चौदा वर्षांनीं, म्हणजे १८७७ सालीं, लोणावळ्यास नगरपालिका मिळाली. खंडाळाही तिच्याच हद्दींत आहे. दिवाबत्ती, सफाई, पाणीपुरवठा व हद्दींतील बांधकामांस परवानगी हीं कामें तिच्याकडे आहेत. कार्ले, वरसोली यांसारख्या शेजारच्या गांवीं ग्रामपंचायती आहेत. या सर्वांस व्यापणारी अशी पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरण ही संस्था महाराष्ट्र शासनानें ३१ मार्च २०१५ रोजीं निर्माण केली. तिचा प्रदेश सुमारें सात हजार चौरस किलोमीटरांचा आहे. त्यांत पुणें व पिंपरी-चिंचवड हीं शहरें, मावळ, मुळशी व हवेली हे संपूर्ण तालुके, आणि खेड, शिरूर, दौंड, पुरंदर, भोर व राजगड (पूर्वींचा वेल्हे) या तालुक्यांचे भाग येतात. मुख्यमंत्री हे तिचे अध्यक्ष असतात. अनेक गांवांतून जाणारे मोठे रस्ते आंखणें, कोणत्या जमिनीवर वस्ती व कोणत्या जमिनीवर शेती असावी हें ठरविणें, आणि नगरपरिषदांच्या हद्दीबाहेरील गांवांत बांधकामास परवानगी देऊन विकासशुल्क घेणें, हीं तिचीं मुख्य कामें होत.

येथेंच तक्रारीस आरंभ होतो. नकाशावर रेघ ओढणारा एक, आणि ज्याच्या शेतांतून ती रेघ जाते तो दुसरा. आपल्याच जमिनीवर घर बांधावयाचें तर दूरच्या कचेरींत खेटे घालावे लागतात, असें गांवकरी म्हणतात. प्राधिकरणाचा विकास आराखडा २०२१ सालीं प्रसिद्ध झाला तेव्हां त्यावर हजारों लोकांनीं हरकती घेतल्या. पुढें २०२५ सालीं शासनानें तो आराखडा रद्दच केला. अशा वेळीं "आपण यांतून बाहेरच कां पडूं नये ?" असा प्रश्न कोणाच्या मनांत आला तर तो रास्तच आहे. तो हंसण्यावारीं न नेतां त्याचें उत्तर शोधलें पाहिजे.

या बाबतींत सर्व देशांची रीत सारखी नाहीं. अमेरिकेंत शेजारचे परगणे व शहरें आपखुशीनें संघ स्थापन करतात, वर्गणी भरतात व मत देतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या आखाताभोंवतीं असा एक संघ १९६१ सालीं स्थापन झाला. कोर्टे मादेरा नांवाच्या लहानशा गांवास संघाचा नव्या घरांविषयींचा आग्रह रुचेना. म्हणून त्याच्या परिषदेनें २०१२ सालीं संघ सोडण्याचा ठराव केला. वर्गणी वांचली, परंतु किती घरांना वाव द्यावयाचा हें बंधन राज्याच्या कायद्यानें आलेलें होतें, तें कांहीं सुटलें नाहीं. आपल्याकडे तर ठराव करून निघून जाण्याचीही सोय नाहीं. प्रदेशाची हद्द शासन अधिसूचनेनें ठरवितें, व ती कमीअधिक करण्याचा अधिकारही शासनाचाच आहे. गांवानें मागणी करावी, निर्णय शासनानें द्यावा, अशी ही रीत आहे.

अशी मागणी फळास आल्याचें उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत आहे. फुरसुंगी व उरुळी देवाची हीं गांवें २०१७ सालीं इतर नऊ गांवांसह पुणें महानगरपालिकेंत घेण्यांत आलीं. शहराच्या कचऱ्याचे ढीग त्यांनीं कित्येक वर्षें आपल्या शिवारांत सोसले होते. आतां शहराचा करही अंगावर आला, पण पाणी व रस्ते त्या मानानें मिळाले नाहींत, असें तेथील लोकांचें गाऱ्हाणें होतें. डिसेंबर १९२२ पासून नव्हे, तर त्याच्या शंभर वर्षांनंतर, म्हणजे डिसेंबर २०२२ मध्यें, तीं वगळण्याचें शासनानें जाहीर केलें, आणि सप्टेंबर २०२४ मध्यें दोहोंची मिळून स्वतंत्र नगरपरिषद झाली. आपल्या करांचा पैसा आपल्या डोळ्यांसमोर खर्च व्हावा ही इच्छा वाईट नाहीं, आणि त्या गांवांस आम्ही दोष देत नाहीं. परंतु नगरपरिषद नवी झाली तरी वारा जुनाच आहे. कचऱ्याची दुर्गंधी हद्दीचा दगड पाहून थांबत नाहीं. त्याविषयीं शहराशीं बोलणें करावेंच लागणार, मग तें आंत राहून असो वा बाहेरून.

मावळांत ही गोष्ट कचऱ्याची नसून पाण्याची आहे. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ हीं नांवें आपण नित्य ऐकतों. प्रत्येक नांव एकेका खोऱ्याचें आहे. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी कामशेतावरून देहू-आळंदीस जाते व तुळापुरास भीमेस मिळते. पवनेच्या धरणाचें पाणी पिंपरी-चिंचवडची तहान भागवितें. तें पाणी बंद नळांतून थेट शहरास नेण्याची योजना निघाली तेव्हां शेतकऱ्यांस आपल्या नदीची व शेतीची चिंता पडली. ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर गांवाजवळ द्रुतगति महामार्गावर आंदोलन झालें, गोळीबार झाला, व तीन शेतकऱ्यांस प्राण गमवावे लागले. ही गोष्ट लिहितांना आमची लेखणी अडखळते. त्या वेळीं हें प्राधिकरण जन्मासही आलें नव्हतें. वेगवेगळें असूनही भांडण टळलें नाहीं, कारण नदी एकच होती.

मग एकत्र राहण्यानेंच न्याय मिळतो काय ? तसेंही नाहीं. पाळ्या ठरवितांना आपलें माणूस विहिरीवर हजर नसेल तर आपली पाळी मध्यरात्रींच यावयाची. हें जाणूनच १९९३ सालीं अमलांत आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें महानगर नियोजन समितीची तरतूद केली. तिचे निदान दोन तृतीयांश सभासद नगरपालिकांच्या निवडलेल्या सभासदांनीं व पंचायतींच्या अध्यक्षांनीं आपल्यांतून निवडून द्यावयाचे असतात. आणि पाण्याची व इतर नैसर्गिक साधनांची वांटणी हा विषय आराखडा करतांना तिनें लक्षांत घ्यावा असें घटनेंत स्पष्ट लिहिलें आहे. शहरास जसें तेथें स्थान आहे तसेंच खेड्यासही आहे. तें स्थान नांवापुरतें न राहतां तेथें आपला शब्द ऐकला जावा, ही खरी मागणी होय.

म्हणून घरीं वा ग्रामसभेंत हा प्रश्न निघाला म्हणजे तीन गोष्टी विचाराव्या. आपण देतों किती व आपणांस मिळतें किती, याचा हिशेब कोणी मांडला आहे काय ? बाहेर पडल्यावर रस्ता, अग्निशमन व सांडपाणी यांचा भार आपली पंचायत पेलूं शकेल काय ? आणि जें वांटतांच येत नाहीं, त्याविषयीं शेजाऱ्याशीं बोलण्याची जागा कोणती राहील ? या तिहींचें उत्तर हातीं असल्याशिवाय "आंत" किंवा "बाहेर" असा आवाज उठविणें म्हणजे झांकलेल्या तराजूंत वजन टाकण्यासारखें आहे.

शिवकालापूर्वीं बारा मावळांचे देशमुख आपापल्या खोऱ्यापुरतें पाहत. त्यांस एका कार्यांत गोंवण्याचें श्रेय शिवाजी महाराजांचें. पण एकत्र आल्यानें कोणतेंही खोरें आपलें नांव विसरलें नाहीं. संत पौलानें करिंथकरांस लिहितांना दिलेला देहाचा व अवयवांचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. लोणावळ्यास ओढ्यांत टाकलेली घाण आळंदीच्या घाटावर पोहोंचते, आणि पिंपरीस उघडा राहिलेला नळ पवनेच्या कांठीं उणा भासतो. आजचे विद्यार्थी उद्यां ग्रामसभेंत बसतील. त्यांनीं आपल्या गांवाचा हक्क निर्भयपणें मागावा, आणि मागतांना नदीच्या खालच्या अंगास कोण राहतो तेंही स्मरावें, एवढीच आमची इच्छा आहे.