आडव्या वाऱ्यांत विमान उतरवितांना

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले, तें त्यांचें 'पस मॉथ' विमान शेपटीवर टेकणाऱ्या जातीचें होतें. अशा विमानाला पुढें दोन मोठीं चाकें असतात, आणि मागें शेपटीखालीं एक लहानसें चाक किंवा नुसता टेकू. पुढें नाकाखालीं चाक असलेलीं विमानें रूढ झालीं. तरी शेपटीच्या चाकाचीं छोटीं विमानें अजून उडतात, आणि आडव्या, झोत मारणाऱ्या वाऱ्यांत तीं उतरविणें ही वैमानिकाची खरी परीक्षा समजली जाते.

याचें कारण वजनाच्या मांडणींत आहे. घोडा सोडलेला टांगा दांड्या धरून पुढून ओढला, तर तो निमूटपणें मागें येतो; तोच मागून ढकलला, तर भलतीकडेच वळूं लागतो. नाकाखालीं चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढें असतो, शेपटीच्या चाकाच्या विमानाचा मागें. म्हणून हें दुसरें विमान जरा तिरकें टेकलें, कीं मागचें वजन पुढें येऊं पाहतें आणि विमान गरकन फिरतें. बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, चाकाचा पाय मोडतो. माणसें बहुधा वाचतात, विमान मात्र कारखान्यांत जातें.

पूर्वीं ही अडचण कमी भासे. मैदान चौफेर गवताचें. वारा दाखविणाऱ्या कापडी पिशवीचें टोक जिकडे उडेल तिकडून यावें, म्हणजे वारा समोरून मिळे. फरसबंद, अरुंद धावपट्ट्या झाल्या आणि दिशा ठरून गेली. वारा पट्टीशीं ३० अंशांचा कोन करीत असेल, तर त्याचा निम्मा जोर आडवा लागतो. ९० अंशांवर सगळाच.

उतरतांना वैमानिक प्रथम नाक थोडें वाऱ्याकडे ठेवून, खेकड्यासारखा तिरका येतो. टेकण्यापूर्वीं हा तिरकेपणा गेलाच पाहिजे. त्यासाठीं तो वाऱ्याकडचा पंख खालीं झुकवितो आणि सुकाणू उलट दाबून नाक पट्टीच्या रेषेंत आणतो. झुकलेला पंख विमानाला वाहून जाऊं देत नाहीं. मग आधीं वाऱ्याकडचें एकच चाक टेकतें, मागाहून दुसरें. नवशिक्याला हें एका पायावरचें उतरणें चुकीचें वाटतें; तें अगदीं बरोबर आहे.

झोतांसाठीं वेग थोडा अधिक ठेवतात: वारा ताशी १२ मैलांवरून २० वर उसळत असेल, तर फरकाचा निम्मा, म्हणजे ४ मैल. तिन्ही चाकें एकदम टेकावींत, कीं शेपटी वर ठेवून पुढचीं दोन आधीं, याविषयीं वैमानिकांत जुना वाद आहे. अशा वाऱ्यांत पुष्कळजण दुसरी रीत पसंत करतात, कारण वेग असतांना सुकाणू ऐकतें. परंतु शेपटी खालीं येतांना तेंच सुकाणू लुळें पडतें. धोका टळत नाहीं, नुसता थोडा लांबतो.

विमान टेकलें म्हणून हात सैल सोडतां येत नाहींत. वेग जसा कमी होतो, तसा नियंत्रणाचा दांडा वाऱ्याकडे अधिकाधिक, शेवटीं पूर्ण, झुकवावा लागतो. नाहींतर झोत पंखाखालीं शिरतो. आणि सुकाणू पूर्ण दाबूनही हवेंतच नाक सरळ होत नसेल, तर तो वारा त्या विमानाच्या आवांक्याबाहेरचा आहे. तेव्हां इंजिनाला जोर देऊन पुन्हां वर जावें आणि वाऱ्यासमोरची दुसरी पट्टी शोधावी. १९३१ सालीं प्रथम उडालेलें 'टायगर मॉथ' तर मुळांत ब्रेकशिवायच बनविलेलें. वाऱ्याच्या दिवशीं तें उतरलें, कीं दोन माणसें धावत जाऊन पंखांचीं टोकें धरीत आणि तसेंच तें छपरीपर्यंत नेत.